समुद्रात उतरल्यावर सॅमनचे काय होते?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राला मिळणारी फ्रेझर नदी सॉकाय जातीच्या सॅमन माशांसाठी ओळखली जाते. २००९ साली या नदीत १ कोटीहून अधिक सॉकाय अंडी घालायला परततील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात आले सुमारे १५ लाख. मासेमारी थांबवावी लागली आणि सरकारने न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचे काम पुरते मार्गी लागण्याआधीच, २०१० साली, त्याच नदीत जवळपास २ कोटी ९० लाख सॉकाय आले. जवळजवळ शंभर वर्षांत एवढे मासे कुणी पाहिले नव्हते.

सॉकायची संख्या चार वर्षांच्या चक्रात वरखाली होते. पण ते चक्र हिशेबात धरूनही अंदाज इतका चुकला होता. २००९ मध्ये परतायची ती पिढी बहुतांशी २००७ च्या वसंतात समुद्रात उतरली होती आणि २०१० ची २००८ मध्ये. कोहेन आयोगाने २०१२ साली अहवाल दिला, तेव्हा एकाच कारणावर बोट ठेवता आले नाही. एवढे मात्र ठळकपणे पुढे आले की, नदी सोडल्यानंतर या माशांचे काय होते हे समजल्याशिवाय त्यांचे रक्षण करता येणार नाही.

सॅमनचा अंडी घालण्याचा काळ माणसाच्या डोळ्यांसमोर, उथळ पाण्यात पार पडतो. त्याच्या जगण्यामरण्याचा निकाल मात्र बऱ्याचदा नदीच्या मुखाशी आणि समुद्रातल्या पहिल्या काही महिन्यांत लागतो. हा न दिसणारा काळ शास्त्रज्ञांनी कसा उलगडला आणि त्यातून काय हाती आले, ते क्रमाने पाहू.

जन्म नदीत, वाढ समुद्रात

मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण रावस वेगळ्या कुळातला मासा आहे. इथे विषय आहे तो उत्तर पॅसिफिक महासागरातल्या सॅमनचा. अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावर त्याच्या चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक अशा पाच जाती आहेत. मादी नदीच्या तळाशी वाळू-गोट्यांत शेपटीने खड्डा करून अंडी घालते आणि त्यानंतर नर-मादी दोघेही मरतात. चिनूकची मादी एका वेळी साधारण चार-पाच हजार अंडी घालते.

समुद्राकडे निघण्याची वेळ प्रत्येक जातीची निराळी. पिंक आणि चमची पिल्ले गोट्यांतून वर येताच समुद्राची वाट धरतात. कोहोची पिल्ले बहुधा वर्षभर ओढ्यात राहतात. सॉकायची एक-दोन वर्षे तळ्यात काढतात. चिनूकमध्ये दोन्ही तऱ्हा आहेत: काही पहिल्याच वर्षी निघतात, तर काही वर्षभर थांबून. पिंकचे सगळे आयुष्य दोन वर्षांचे. चिनूक मात्र समुद्रात चार-पाच वर्षेही काढू शकतो.

हजारो अंड्यांमागे जोडप्याची जागा घ्यायला दोन मासे परतले, तरी वंश टिकतो. त्यामुळे समुद्रातल्या मरणाचे प्रमाण थोडेसे जरी बदलले तरी परतणाऱ्यांचा आकडा कुठच्या कुठे जातो. शंभरातली ९८ पिल्ले मेली तर दोन परततात, ९६ मेली तर चार. मरणाऱ्यांच्या संख्येत फरक अगदी किरकोळ, पण परतणारे दुप्पट. अमेरिकेच्या वायव्येतल्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या नियोजन मंडळाने समुद्राकडे गेलेल्या शंभर पिल्लांमागे २ ते ६ प्रौढ परतावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे. तिच्या स्नेक या उपनदीतले चिनूक अनेक वर्षे २ चा आकडाही गाठू शकलेले नाहीत.

खाऱ्या पाण्यासाठी शरीराची तयारी

नदीतल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी सतत अंगात शिरते आणि क्षार बाहेर झिरपतात. मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांतून पाण्यातले क्षार वेचून आत घेतो. समुद्रात हे सगळे उलटते. तिथे अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. मासा खारे पाणी पितो, लघवी अगदी थोडी करतो आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो.

बोटभर लांबीच्या पिल्लाला ही उलटापालट काही आठवड्यांत करायची असते. दिवस मोठा होऊ लागला, पाणी कोमट होऊ लागले की शरीरात संप्रेरकांची हालचाल सुरू होते. कल्ल्यांमधल्या क्षार बाहेर टाकणाऱ्या पेशी वाढतात. अंगावरचे उभे गडद पट्टे पुसट होऊन अंग चंदेरी होते. नदीत प्रवाहाकडे तोंड करून आपली जागा धरून राहणारे पिल्लू आता प्रवाहाबरोबर वाहू लागते. या अवस्थेतल्या पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. कल्ल्याचा तिळाएवढा तुकडा काढून त्यातल्या क्षार उपसणाऱ्या विकराची क्रियाशीलता मोजली की, पिल्लू समुद्रासाठी कितपत तयार आहे ते कळते. पिल्लू जिवंत सोडताही येते.

ही तयारी कायम टिकत नाही. वेळेत खारे पाणी मिळाले नाही तर शरीर पुन्हा गोड्या पाण्याकडे वळू लागते. धरणांच्या संथ जलाशयांत प्रवास रेंगाळला की पिल्लांचे नुकसान होते, त्याचे हे एक कारण.

नदीमुख: खाण्याचे आणि थांबण्याचे ठिकाण

नदी आणि समुद्र यांच्यामध्ये नदीमुखाचा पट्टा असतो. भरती-ओहोटीबरोबर इथे गोडे आणि खारे पाणी मिसळते. दोन्ही काठांना दलदल, गवताळ खाजणे आणि त्यांतून वळणे घेत जाणाऱ्या चिंचोळ्या नाळी. भरतीच्या पाण्याबरोबर पिल्ले या नाळींत शिरतात, चिलटांच्या अळ्या, गवतावरून पडलेले किडे आणि कोळंबीसारखे बारीक जीव खातात आणि ओहोटीला बाहेर पडतात. गढूळ पाण्यात शिकाऱ्यांपासून आडोसाही मिळतो. शरीराला खारटपणाची सवय टप्प्याटप्प्याने होते आणि अंग भरते.

इथे थांबण्याचे मोल किती, हे अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या सिक्सेस नावाच्या लहानशा नदीत दिसले. तिथल्या चिनूकवरचा पॉल रायमर्स यांचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. खवल्यांवरच्या वर्तुळांवरून त्यांनी पिल्लांचे पाच प्रकार पाडले: कोण नदीत किती काळ राहिले आणि नदीमुखात किती. नदीतून लवकर निघून नदीमुखात दीर्घकाळ राहणारी पिल्ले संख्येने सर्वांत जास्त नव्हती. पण परतलेल्या प्रौढांपैकी सुमारे ९० टक्के त्यांच्यातलेच होते. उन्हाळा नदीमुखात काढून, अंगाने भरून समुद्रात गेलेली पिल्ले तगली होती.

बांध काढल्यावर

ओरेगन राज्यातच सॅमन नावाचीच एक छोटी नदी आहे. तिच्या मुखाशी गुरांच्या कुरणांसाठी बांध घालून खाजणांत येणारे भरतीचे पाणी अडवले होते. हा परिसर १९७४ मध्ये संशोधनासाठी राखीव झाला आणि १९७८, १९८७ आणि १९९६ अशा तीन टप्प्यांत तिथले बांध काढले गेले. वेगवेगळ्या वयाची तीन खाजणे शेजारी शेजारी असल्याने शास्त्रज्ञांना एक दुर्मीळ संधी मिळाली.

बांध काढण्यापूर्वी, १९७० च्या दशकाच्या मध्यावर, या नदीमुखात चिनूकची अगदी लहान पिल्ले जवळपास आढळतच नव्हती. डॅन बॉटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००२ या काळात पुन्हा जाळी टाकली, तेव्हा वसंतापासून शरदापर्यंत निरनिराळ्या आकाराची पिल्ले खाजणांच्या नाळींत दिसू लागली होती. काही आठवडाभर राहत, काही महिनोन्‌महिने.

कोहोच्या बाबतीत तर जुनी समजूतच मागे पडली. पहिल्याच वसंतात ओढ्यातून खाली वाहत येणारी कोहोची चिमुकली पिल्ले म्हणजे जागा न मिळाल्याने हाकलली गेलेली, मरणाऱ्यांतली, असे मानले जाई. या नदीमुखात ती जगत होती, वाढत होती. परतलेल्या प्रौढ कोहोंपैकी साधारण २० ते ३५ टक्के मासे लहानपणी नदीमुखात राहिलेले होते, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. बांध घालून खाजण कोरडे केले की, या वाटेने जगणारे मासेच संपतात. त्यांची नोंदही कुठे होत नाही, कारण जी वाट उरलेली नाही तिच्यावरचे मासे कुणी मोजत नाही.

मासा आपली नोंद स्वतः ठेवतो

समुद्रात माशाच्या मागे कुणी जाऊ शकत नाही. पण त्याच्या शरीरातच दोन दप्तरे असतात.

पहिले म्हणजे खवले. वाढ भरभर होते तेव्हा खवल्यावरची वर्तुळे विरळ पडतात, हिवाळ्यात ती दाट होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चार्ल्स गिल्बर्ट यांनी १९१० च्या दशकात खवले वाचून सॅमनची वये ठरवली. तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे.

दुसरे दप्तर माशाच्या डोक्यात, आतल्या कानात असते. ऑटोलिथ नावाच्या या चुनखडीच्या खड्यावर लहानपणी रोज एक पातळ थर चढतो. खडा काचेवर चिकटवून, बारीक कागदाने घासत मधोमध आणला की सूक्ष्मदर्शकाखाली एकात एक कडी दिसू लागतात. केंद्राजवळ जन्म, कडेला मृत्यू. मग लेझरचा बारीक किरण केंद्रापासून कडेपर्यंत ओढत नेतात आणि उडालेल्या कणांतले स्ट्रॉन्शियम मोजतात. समुद्राच्या पाण्यात हे मूलद्रव्य बहुतेक नद्यांपेक्षा बरेच जास्त असते. आलेखाची रेघ ज्या कड्याशी एकदम वर चढते, त्या सुमारास पिल्लू खाऱ्या पाण्यात शिरलेले असते. तिथवरची त्रिज्या मोजून त्या दिवशी ते किती लांब होते याचाही अंदाज बांधता येतो. चार-पाच वर्षांनी परतलेल्या प्रौढ माशाचे बालपण असे तपशिलाने वाचता येते.

माणसाने लावलेल्या खुणा

शरीरातल्या नोंदींच्या जोडीला माणूस स्वतःच्या खुणा लावतो. त्यांतली एक जुनी आणि अजूनही वापरात असलेली खूण म्हणजे आकडे कोरलेली पोलादी तार. १९६० च्या दशकात पुढे आलेला हा तुकडा जेमतेम १.१ मिलिमीटर लांब आणि पाव मिलिमीटर जाड असतो. पिल्लाच्या नाकाडात तो सुईने बसवतात. कृत्रिमरीत्या पिल्ले वाढवणाऱ्या उत्पत्ती केंद्रांतल्या कोट्यवधी पिल्लांना दरवर्षी अशी तार बसवली जाते. वर्षांनंतर मासेमाराच्या जाळ्यात आलेल्या माशाचे डोके शोधकयंत्रासमोर धरतात. यंत्र वाजले की नाकाड कापून, अर्धे-अर्धे करत, तार सापडेपर्यंत तपासतात आणि आकडे भिंगाखाली वाचतात. त्यावरून कळते की हा मासा कोणत्या केंद्रातल्या कोणत्या वर्षीच्या कोणत्या तुकडीतला.

त्यासाठी मासा मरावा लागतो. १९८० च्या दशकात आलेल्या पिट टॅगने ही अडचण दूर केली. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी, तीत बॅटरी नाही. अँटेनाजवळून मासा गेला की तिच्याच विजेवर टॅग आपला क्रमांक सांगतो. कोलंबियावरच्या धरणांतल्या माशांसाठीच्या मार्गिकांत अशा अँटेना बसवल्या आहेत. नदीमुखाच्या वरच्या अंगाला तर दोन बोटी मिळून मागून उघडे जाळे ओढतात. पिल्ले त्यातून सुखरूप पार होतात, जाताना नोंद मात्र होते.

तिसरी खूण आवाजाची. पोटात बसवलेला छोटा प्रक्षेपक ठरावीक वेळाने ध्वनी सोडतो आणि समुद्रतळाशी रांगेने ठेवलेली ग्राहकयंत्रे तो टिपतात. पहिल्या रांगेवर शंभर पिल्ले ऐकू आली आणि दुसरीवर चाळीसच, तर मधल्या पट्ट्यात शोध घ्यायचा, हे ठरते. जोडीला परांचा छोटासा तुकडा पुरतो: त्यातल्या जनुकीय खुणांवरून भर समुद्रात पकडलेला मासा मूळचा कोणत्या नदीचा हे ओळखता येते.

कोण खातो, कुठे खातो

या खुणांनी काही अनपेक्षित ठिकाणी उत्तरे दिली. कोलंबियाच्या मुखातले राइस आयलंड हे बेट गाळ उपसून टाकल्याने तयार झालेले आहे. तिथे कॅस्पियन सुरय पक्ष्यांची मोठी वसाहत झाली. वीण संपल्यावर शास्त्रज्ञांनी वाळूवर शोधकयंत्रे फिरवली, तेव्हा पक्ष्यांनी खाल्लेल्या पिल्लांचे हजारो पिट टॅग सापडले. १९९८ साली या वसाहतीने १ कोटीहून अधिक पिल्ले खाल्ल्याचा अंदाज निघाला.

पक्षी मारायचे नाहीत, मग करायचे काय? समुद्राच्या अधिक जवळ असलेल्या ईस्ट सँड आयलंडवर वाळू मोकळी करून खोटे पक्षी मांडले गेले, वसाहतीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण लावले गेले आणि राइस आयलंडवरची जागा विणीसाठी निरुपयोगी केली गेली. काही वर्षांत वसाहत सरकली. जुन्या बेटावर त्यांच्या आहारात तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा सॅमन आणि त्याच्या जवळच्या जातींचा होता. नव्या जागी समुद्री मासे हाताशी असल्याने तो निम्म्याखाली आला.

दुसरे उदाहरण वॉशिंग्टन राज्यातल्या हूड कॅनल पुलाचे. १९६१ मध्ये खुला झालेला हा पूल तरंगत्या पोकळ ठोकळ्यांवर उभा आहे आणि त्यांचा भाग पाण्याखाली काही मीटर जातो. सॅमनचे जवळचे नातलग असलेल्या स्टीलहेड माशांची पिल्ले पृष्ठभागाजवळून पोहतात. पुलाशी ती अडखळतात, घुटमळतात आणि सीलसारख्या शिकाऱ्यांना सापडतात. ध्वनी-टॅगच्या नोंदींनुसार काही वर्षी पुलापर्यंत पोहोचलेल्या पिल्लांपैकी निम्मी पलीकडे गेलीच नाहीत. शिकारी सीलच होता. पण ती शिकार सोपी पुलाने केली होती. सीलवर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे असते, पण या नोंदी तसे करू देत नाहीत.

समुद्रातले अन्न

किनाऱ्यापलीकडे प्रश्न येतो अन्नाचा. कॅनडाचे रिचर्ड बीमिश आणि अमेरिकेचे कॉनराड मानकेन यांनी २००१ मध्ये मांडणी केली की, समुद्रात सॅमनचे मरण दोन टप्प्यांत येते. आधी शिकाऱ्यांमुळे, समुद्रात शिरल्याबरोबर. नंतर पहिल्या हिवाळ्यात, जी पिल्ले उन्हाळ्यात पुरेशी वाढली नाहीत त्यांच्या वाट्याला.

वाढ कशावर ठरते, याचा माग ओरेगनमधल्या न्यूपोर्ट बंदराबाहेर घेतला गेला. बिल पीटरसन यांच्या पुढाकाराने १९९६ पासून साधारण दर पंधरा दिवसांनी बोट त्याच रेषेवर जाऊन तरंगते सूक्ष्मजीव गोळा करते. कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जीवांत दोन गट सापडतात. उत्तरेकडून थंड पाण्याबरोबर येणारे चरबीने भरलेले, दक्षिणेकडून उबदार पाण्याबरोबर येणारे बारीक आणि कमी चरबीचे. सॅमनची पिल्ले प्रामुख्याने हे कोपेपॉड खाणाऱ्या जीवांवर जगतात, म्हणून ती चरबी पायरीपायरीने त्यांच्यापर्यंत पोहोचते. उत्तरेकडचे कोपेपॉड भरपूर असलेल्या वर्षी समुद्रात उतरलेल्या पिढ्या सहसा चांगल्या संख्येने परततात.

याहून मोठे चक्रही आहे. १९९७ मध्ये स्टीव्हन हेअर, नेथन मँचुआ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, उत्तर पॅसिफिकचे तापमान काही दशकांच्या लाटेत बदलते. अलास्कात सॅमन भरभरून येतात तेव्हा ओरेगन-वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर त्यांची टंचाई असते आणि उलटही. २०१४ ते २०१६ दरम्यान ‘ब्लॉब’ नावाने ओळखल्या गेलेल्या उष्ण पाण्याच्या प्रचंड पट्ट्याने मात्र या लाटेपलीकडचे काही दाखवले. पाणी सरासरीहून दोन-तीन अंशांनी तापले आणि अन्नसाखळी विस्कटली. तापत्या समुद्रात अशी वर्षे वारंवार येतील, हा धोका खरा आहे.

एक वाट बंद झाली तर दुसरी

या सगळ्या अभ्यासांतून मला दिसतो तो मुद्दा हा. समुद्रातले कोणते वर्ष चांगले जाईल ते कुणालाच आधी माहीत नसते, माशाला तर नाहीच. सॅमन टिकतो तो सर्वांनी एकदम एकच वाट न धरल्यामुळे. काही लवकर निघतात, काही उशिरा. काही नदीमुखात थांबतात, काही थेट जातात. पावसाचा भरवसा नसलेला कोरडवाहू शेतकरी ज्वारीच्या ओळींमध्ये तूर आणि मूगही पेरतो, त्यातलेच हे शहाणपण.

अलास्काच्या ब्रिस्टल बेमधल्या सॉकायविषयी डॅनियल शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे आकड्यांत दाखवले. तिथे ओढ्या-तळ्यांत विखुरलेल्या शेकडो वेगळ्या समूहांऐवजी एकच समूह असता, तर वर्षावर्षातले चढउतार २.२ पट मोठे झाले असते आणि मासेमारी बंद ठेवण्याची वेळ दहापट जास्त वेळा आली असती.

उत्तर पॅसिफिकभोवतीच्या देशांतील उत्पत्ती केंद्रे मिळून दरवर्षी सुमारे ५ अब्ज पिल्ले समुद्रात सोडतात. संख्या त्याने वाढते. पण अनेक केंद्रांतली पिल्ले एका वयाची, एका मापाची आणि एकाच सुमारास सोडलेली असतात. त्या आठवड्यात समुद्रात अन्न नसेल तर सगळी एकदम सापडतात. नैसर्गिक पिल्लांशी त्याच अन्नासाठी त्यांची स्पर्धाही होते.

महासागराचे तापमान एखाद्या नदीच्या व्यवस्थापकाच्या हाती नाही. खाजणाचा बांध, धरणातून सोडायच्या पाण्याची वेळ, पुलाखालची मोकळी जागा, केंद्रातून पिल्ले सोडण्याचा दिवस, हे मात्र हाती आहे. वॉशिंग्टन राज्यात निस्क्वाली नदीच्या त्रिभुज प्रदेशातले बांध २००९ मध्ये हटवून ३०० हेक्टरांहून अधिक जमीन भरतीच्या पाण्याला परत दिली गेली. त्यासाठी तिथल्या निस्क्वाली मूलनिवासी समाजाने दीर्घकाळ काम केले. अशा प्रत्येक ठिकाणी सॅमनला समुद्राकडे जाण्याची आणखी एक वाट मिळते. वाईट वर्षे येणारच आहेत. त्या वर्षी कोणती वाट कामी येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच जितक्या वाटा शिल्लक आहेत तितक्या सगळ्या राखल्या पाहिजेत.